यांना न विचारता बोललेला नवस

परवा भाची आली होती. तिचं लग्न ठरलंय. मुलगा तिनंच पसंत केलेला, माणसंही बरी. घोडं अडलंय ते सत्यनारायणावर. मुलाच्या घरी पूजा झाल्याशिवाय नव्या जोडप्याचा संसार सुरू झाला असं मानत नाहीत, आणि आमची ही बाई देव मानत नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून भाजलेले शेंगदाणे पाखडता पाखडता तिनं विचारलं, ‘मावशी, तू माळकऱ्याची मुलगी. काका पक्के नास्तिक. एकेचाळीस वर्षं तुमचं जमलं कसं?’

तेव्हा मी ‘जमवून घेतलं’ असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

आमचं लग्न 1978 सालचं, आणि तेही एकाच दिवशी दोनदा. सकाळी 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं. महिनाभर आधी नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, पेढे. हा यांचा हट्ट. दुपारी माझ्या वडिलांच्या अंगणात भटजी, अंतरपाट, मंगलाष्टकं. हा वडिलांचा हट्ट. कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी ‘नातिचरामि’ म्हणायला सांगितलं, तर हे थांबले. म्हणाले, ‘गुरुजी, याचा अर्थ काय? अर्थ कळल्याशिवाय मी कबूल करत नसतो.’ गणिताचे मास्तर ना! तिकडे पंगती खोळंबलेल्या. गुरुजींनी वैतागून सांगितलं, ‘धर्म, अर्थ, काम, यांत हिला सोडून, हिची मर्यादा ओलांडून मी वागणार नाही.’ यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘हे चालेल.’ मग खणखणीत आवाजात तीनदा म्हटलं. पुढं आयुष्यभर यांनी माझ्या देवघराला नावं ठेवली नाहीत. एकादशीला मुकाट्यानं साबुदाणा खाल्ला. मात्र स्वतः कधी हात जोडले नाहीत. मीही ‘जोडा’ म्हटलं नाही. एवढ्यावर आमचं ठीक चाललं होतं.

ठीक चाललं होतं ते 2004 पर्यंत. त्या वर्षी यांची बायपास झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मी एकटी बसले होते. नवस हा प्रकार आमच्या घरात कधी नव्हता. वडील हरिपाठ म्हणणारे, देवाशी सौदा करू नये असं सांगणारे. पण रात्री दोन वाजता त्या बाकावर मला वडिलांचं काही आठवलं नाही. मी विठोबाला म्हटलं, ‘यांना परत दे. यांना घेऊन येईन आणि तुझ्या पायांवर यांचं डोकं ठेवीन.’

नीट वाचा. माझं डोकं नाही, यांचं.

हे घरी आले, हिंडूफिरू लागले. मी सात-आठ महिने गप्प. शेवटी एका रात्री सांगून टाकलं. मला वाटलं होतं हे हसतील, किंवा तुकोबांनी गाथेत नवसाची कशी टर उडवली आहे ते ऐकवतील. तसलं काही नाही. बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘त्या रात्री मी जागाच होतो. दोन दारं सोडून. आत येऊन विचारायचं होतंस.’

यावर मी काय बोलणार? नातिचरामि मला म्हणायला लावलं नव्हतं कुणी. ते नवऱ्यानं म्हणायचं असतं. पण मर्यादा ओलांडली होती मीच.

चार दिवस अबोला होता. त्या चार दिवसांत मला सारखी आवली आठवत होती. तुकोबांची जिजाई. कीर्तनात बुवा तिची कजाग बायको म्हणून नक्कल करतात आणि सभा हसते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मीही हसले आहे. पण तिच्या बाजूनं जरा हिशेब मांडून पाहा. दुष्काळानं धंदा बसलेला, कर्जखतं इंद्रायणीत बुडवलेली, घरात कच्चीबच्ची आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. ती रोज भाकरी घेऊन डोंगर चढते. तोंडानं ‘त्या काळ्याला’ शिव्या देते, पण नवरा जेवल्याशिवाय जेवत नाही. कथा अशी की, तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो विठोबानं काढला. मला ही कथा फार आवडते. ज्यानं तिचा संसार उधळला त्यालाच तिचा पाय हातात घ्यायला लावला लोकांनी! तुकोबा गेले तेव्हा तिच्या पोटात नारायण होता. याच नारायणबाबांनी पुढं 1685 मध्ये देहूहून बापाच्या पादुकांची पालखी सुरू केली.

आणि दुसरी बहिणाबाई. खानदेशातल्या चौधरी नव्हेत, सतराव्या शतकातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई. अजाण वयात, तीसेक वर्षांच्या बिजवराशी लग्न लावलेलं. तिनं स्वप्नात तुकोबांना गुरू केलं आणि नवऱ्याचं पित्त खवळलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं? त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. हे तिनं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय. ती गरोदर असताना तो घर सोडून निघाला, पण त्याच सुमारास आजारी पडला. तिनं सेवा केली. बरा झाल्यावर मात्र तोच तिला घेऊन देहूला गेला. पातिव्रत्याची महती गाणारे तिचे अभंग आजच्या मुलींना रुचणार नाहीत. मलाही जड जातात. पण मला त्यांत एक बाई दिसते, जिनं देवही सोडला नाही आणि नवराही. आणि त्याची किंमत बहुतेक एकटीनंच मोजली.

आमच्या घरी मी यातली कोण? मारहाण झालेली बहिणाबाई तर नव्हे, उलट दुसऱ्याच्या डोक्यावर हक्क सांगणारी मीच होते.

पाचव्या दिवशी यांनी एसटीची दोन आरक्षणं आणून टेबलावर ठेवली. स्वारगेट ते पंढरपूर. म्हणाले, ‘मी येतो. आत येणार नाही. डोकं माझं आहे, त्याचं तू कबूल करायला नको होतंस. पण तू एकटीनं ओझं घेऊन जावंस असंही मला वाटत नाही.’

पंढरपुरात महाद्वाराशी नामदेव पायरी आहे, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गेले; नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथं ठेवल्या असं सांगतात. हे तिथंच टेकले. ‘चोखोबा बाहेर होते, मीही बाहेर बसतो.’ मी फणकाऱ्यानं म्हटलं, ‘त्यांना आत येऊ देत नव्हते. तुम्ही येत नाही. फरक आहे.’ ‘बरोबर आहे,’ म्हणाले. ‘चपला दे इकडे.’

दर्शनबारीत साडेतीन तास गेले. पायांवर डोकं ठेवलं तेव्हा काय बोलावं ते सुचेना. ‘आणलं आहे, बाहेर बसलेत’ एवढंच म्हटलं. मागून रेटा आला, सरकले. मग मागच्या बाजूला रखुमाईच्या देवळात गेले. ती रुसून वेगळी राहिली म्हणतात. म्हणूनच दोघांची देवळं वेगळी. तिच्यापाशी मात्र मी निवांत उभी राहिले.

बाहेर येऊन पाहते तो यांच्यापुढं चपलांचे सात जोड! हा माणूस नुसता बसून आहे असं पाहून लोक ‘मास्तर, जरा ध्यान ठेवा’ म्हणत ठेवून गेले होते. (मास्तर कसं ओळखलं कोण जाणे.) त्यांतला एक म्हातारा परभणीकडचा. फेटा, गळ्यात माळ, कपाळी बुक्का. त्यानं आपल्या वहाणा घेतल्या आणि वारकरी करतात तसा सरळ वाकून यांच्या पायाला हात लावला. हे गडबडले. वारकऱ्यांत कुणी पायाला हात लावला की आपणही वाकायचं असतं, हे लग्नातल्या पंगतीपासून माझ्या माहेरी यांनी शेकडो वेळा पाहिलेलं. तीस-एक टाके पडलेली छाती धरून हे हळूहळू वाकले आणि म्हाताऱ्याच्या धुळीनं भरलेल्या पायांवर यांनी डोकं टेकवलं. हात नव्हे, डोकं.

मी खांबाआड उभी होते. मी ते पाहिलं हे यांना कधी सांगितलं नाही. नवस फिटला की नाही, हेही कुणाला विचारलं नाही.

हे 2019 मध्ये गेले. पहाटे, झोपेत. डॉक्टर येऊन गेले आणि सवयीनं मी दिवा लावायला देवघरापाशी गेले. वातींसाठी खालचा खण उघडला. कापराच्या डबीखाली एक पाकीट होतं, वर माझं नाव. आत देहदानाच्या फॉर्मची प्रत आणि चार ओळी : दहावं-तेरावं करू नये. पण जे करशील ते तुझ्या मनाला विचारून कर, माझी तक्रार नाही. यांचं स्वतःचं टेबल होतं, कपाट होतं. पण मी रोज न चुकता उघडते तो खण हाच, हे यांना पक्कं ठाऊक होतं.

अशा वेळी हातात तास थोडे असतात. कायद्यानं शेवटचा शब्द घरच्यांचा. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर कुणी काही करू शकलं नसतं. नणंद म्हणाली, ‘दादा मानत नव्हता, तू तर मानतेस ना? त्याच्या आत्म्याचं काय?’ तिचं चूक नव्हतं. मलाही अस्थी हव्या होत्या. चंद्रभागेत सोडायला मूठभर तरी. देहदानात तेही उरत नाही. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आत गेले, यांच्याजवळ बसले आणि या वेळी विचारलं. मग बाहेर येऊन मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात फोन करायला सांगितलं.

दहाव्या दिवशी नणंदेचा फोन, ‘कावळा शिवला का गं?’ म्हटलं, ‘पिंडच ठेवला नाही, तर शिवेल कशाला?’ तेरा दिवस मी संध्याकाळी हरिपाठ म्हटला, एवढं खरं. तो माझ्यासाठी.

भाची पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे, त्या मुलाला घेऊन. दोघांना समोर बसवून मी तिला एवढंच विचारणार आहे की, पूजेला बसायचं की नाही हे त्यानं तुला विचारलं का, की आईला कबूल करून मग सांगितलं? पाकीट अजून त्याच खणात आहे, कापराच्या डबीखाली. कागदाला आता कापराचा वास लागलाय.