शेतकरी आठवडे बाजार : पहिल्या दिवसाची गर्दी पुरेशी का नसते?

शहरातल्या एखाद्या मैदानात किंवा मोठ्या सोसायटीच्या आवारात नवा शेतकरी बाजार सुरू झाला की पहिल्या दिवशी झुंबड उडते. फीत कापली जाते, फोटो निघतात आणि दोन तासांत मेथी-कोथिंबीर संपते. पुढच्या काही आठवड्यांत मात्र गर्दी ओसरते आणि अनेकदा शेतकरीही कमी होतात. असे का होते आणि पहिल्या दिवशी जाणाऱ्या ग्राहकाने काय पाहावे?

हा बाजार नेहमीच्या आठवडे बाजारापेक्षा वेगळा कसा?

गावोगावच्या आठवडे बाजारात शेतकऱ्यांबरोबर व्यापारी, कापडवाले, भांडीवाले असे सगळेच बसतात. शेतकरी आठवडे बाजारात मात्र विक्रेता स्वतः शेतकरी, शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असावी, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रात या कल्पनेला २०१६ मध्ये बळ मिळाले. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेर होणारे फळे-भाजीपाल्याचे व्यवहार नियमनातून मुक्त केले. आवारातील व्यवहारांची आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात मुंबईत विधान भवनाच्या आवारात असा बाजार भरला. पणन मंडळाच्या या उपक्रमाला नाव मिळाले ते मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या संत सावता माळी यांचे.

शेतकऱ्याला नेमका फायदा किती?

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. एका शेतकऱ्याकडे ६० किलो वांगी आहेत. घाऊक बाजारात विकली तर वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता किलोला १५ रुपये हातात पडतात, म्हणजे एकूण ९०० रुपये. तीच वांगी शेतकरी बाजारात ३५ रुपयांनी विकली, तर २,१०० रुपये येतात. टेम्पोभाड्याचा त्याचा वाटा ५०० रुपये धरला, तरी १,६०० उरतात.

पण हे सगळी वांगी खपली तर. २५ किलोच विकली गेली, तर ८७५ रुपयांतून भाडे जाऊन हाती ३७५ रुपये राहतात आणि दिवसही मोडतो. घाऊक बाजाराइतके पैसे मिळवायलाच त्याला ४० किलो वांगी विकावी लागतात. घाऊक बाजारात दर कमी मिळतो, पण माल एकरकमी जातो. इथे दर चांगला, पण न विकलेल्या मालाची जोखीम शेतकऱ्याची. पालेभाजी तर दुसऱ्या दिवशी विकण्याजोगी राहत नाही. म्हणूनच पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्याची विक्री महत्त्वाची.

विक्रेता खरोखर शेतकरी आहे का?

एकाच शेतकऱ्याकडे सहसा दोन-चार प्रकारचा, हंगामातला माल असतो. ऐन पावसाळ्यात सफरचंदांपासून बटाट्यांपर्यंत सगळे एकाच गाळ्यावर दिसले, तर माल बाजारातून आणलेला असण्याची शक्यता जास्त. मात्र गट किंवा कंपनीच्या गाळ्यावर अनेकांचा माल एकत्र येतो, त्यामुळे विविधता दिसली म्हणून लगेच शंका घेऊ नये. गाव कोणते, लावण कधीची, पुढच्या आठवड्यात काय येणार, हे विचारावे. पीक घेणाऱ्याला उत्तर शोधावे लागत नाही.

‘सेंद्रिय’ अशी पाटी असेल तर?

पॅकबंद माल असेल, तर त्यावर अधिकृत सेंद्रिय चिन्ह पाहावे. लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे खत कोणते, कीड कशी आवरता, एवढे तरी विचारावेच. केवळ ‘शेतातून थेट’ आलेला माल सेंद्रिय ठरत नाही. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे ना, हेही पाहावे.

ग्राहकाने काय करावे?

सुटे पैसे आणि कापडी पिशवी न्यावी. पालेभाजी आधी घ्यावी, कांदे-बटाटे-भोपळा नंतर घेतले तरी चालते. दराची तुलना घाऊक बाजाराशी नको, घराजवळच्या भाजीवाल्याशी करावी. वाकडी काकडी किंवा लहान टोमॅटो चवीला कमी नसतात. ते घेतले, तर शेतकऱ्याचा उरलेला मालही खपतो.

आणि जमले तर पहिल्याच दिवशी आठवड्याची भाजी भरून ठेवण्यापेक्षा थोडी कमी घ्यावी, पण दर आठवड्याला जावे. किती माल तोडून आणायचा, याचा अंदाज शेतकऱ्याला नेहमीच्या गिऱ्हाइकांवरूनच येतो. तो अंदाज बसला, तरच बाजार टिकतो.