रिकाम्या हाताचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही एक जुने नाव असून ही प्रथा शिव-पार्वतीच्या द्यूताच्या कथेशी जोडली जाते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात तो डाव दगडात कोरलेला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात फाशांची जागा पत्त्यांनी केव्हाच घेतली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वस्तीतील सिंधी घरांत दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव बसतो, तर बदलापूर ते मुंबई या सुमारे ६८ किलोमीटरच्या लोकलप्रवासात चौघांच्या मांड्यांवर आडवी टाकलेली बॅग हेच पत्त्यांचे टेबल ठरते. या खेळाडूंना थाप, म्हणजे हातात काही नसताना भारी पाने असल्यासारखी पैज लावणे, नवी नाही. मात्र ती धाडसाची बाब आहे, हा त्यांच्यातील समज तपासून पाहण्याजोगा आहे.

तीन पत्तीत ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात पडू शकतात आणि त्यांपैकी १६,४४० हातांत, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश हातांत, जोडीसुद्धा नसते. समोर एकच खेळाडू उरला असेल तर त्याचाही हात रिकामा असण्याची शक्यता ७४ टक्के असते. चौघे उरले असतील तर चौघांचेही हात रिकामे असण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरते. एकट्यापुढे खपणारी थाप भरल्या टेबलावर का बुडते, याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. शिवाय या खेळात पाने पाहून चाल करणाऱ्याला ब्लाइंड, म्हणजे न पाहता, खेळणाऱ्याच्या किमान दुप्पट टाकावे लागतात, त्यामुळे ब्लाइंड खेळणारा निम्म्या किमतीत दबाव आणतो, आणि स्वतःची पानेच त्याला ठाऊक नसल्याने त्याचा चेहरा वाचूनही कोणाच्या हाती काही लागत नाही.

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच सामाईक पाने टेबलावर उघडली जातात: आधी तीन, ज्यांना फ्लॉप म्हणतात, मग चौथे टर्न आणि शेवटचे रिव्हर. तीन पत्तीतील चाल ठरावीक पटीत बांधलेली असते, तर येथे खेळाडू आपल्यापुढचा सगळा ढीग एका पैजेत लोटू शकतो, आणि म्हणून थाप मारावी की नाही या प्रश्नाला ती केवढ्याची मारावी हा प्रश्न चिकटूनच येतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०० चिंचोके आहेत असे धरले आणि ३०० ची थाप मारली, तर ती तीनांतून एकदा खपली तरी नुकसान होत नाही. ६०० ची थाप दोनांतून एकदा खपावी लागते, आणि १,२०० ची तीनांतून दोनदा. मोठी पैज समोरच्याला अधिक घाबरवते हे खरे, पण तिला यशही अधिक वेळा लागते, हे घाईत विसरले जाते.

समजा, हातात बदामाचा एक्का आणि किलवरचा गुलाम आहे. फ्लॉपला बदामाचा राजा, बदामाची सत्ती आणि किलवरची नश्शी आली, टर्नला इस्पिकची दुर्री, आणि रिव्हरला बदामाची तिर्री. टेबलावर बदामाची तीन पाने झाली, म्हणजे ज्याच्या हातात बदामाची दोन आहेत त्याचा कलर, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, जुळला. एक्का-गुलामवाल्याकडे मात्र चारच बदाम आहेत आणि जोडीही नाही. तरीही थाप मारण्यास हा हात चांगला, कारण बदामाचा एक्का याच्याच मुठीत असल्याने सर्वांत मोठा कलर समोरच्याकडे असूच शकत नाही. अट एवढीच की, फ्लॉपपासून याचा खेळ कलरची वाट पाहणाऱ्यासारखा दिसलेला असावा. आधी निमूट बसून शेवटच्या पानावर अचानक गरजणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरचे सोपे प्रतिरूप मांडले, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष आजही नवख्यांना चकवतो: थाप मधल्या हातांनी नव्हे, तर अगदी टाकाऊ हातांनी मारावी. मधला हात पाने उघडल्यावर कधी कधी जिंकतो, त्याला थापेत उधळणे म्हणजे चालते नाणे मोडीत काढणे होय. प्रमाणाचाही हिशेब आहे. पॉटइतकी पैज लावणाऱ्याने दोन खऱ्या हातांमागे एक थाप ठेवली, तर समोरच्याने पैज स्वीकारली काय किंवा पाने टाकली काय, त्याला सरासरीने फरक पडत नाही. कधीच थाप न मारणाऱ्याच्या भारी हातांनाही त्यामुळेच गिऱ्हाईक मिळत नाही.

हे सारे गणित मात्र समोरचा पाने टाकू शकतो या गृहीतावर उभे आहे. घरच्या डावात, जिथे बूट, म्हणजे सुरुवातीची सक्तीची रक्कम, किरकोळ असते आणि काकूंना काहीही करून पाने पाहायचीच असतात, तिथे हे गृहीत कोसळते. शो, म्हणजे पाने उघडून दाखवणे, मागितल्याशिवाय न राहणाऱ्यापुढे थाप मारणे हे शौर्य नसून दानधर्म आहे.

कायद्याच्या अंगाने पाहता, मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ सालचा असून त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले, मात्र त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला शुद्ध नशिबाचा म्हटले. पाने वाटण्यापुरते ते मान्य व्हावे. चाल करायची की पॅक व्हायचे, म्हणजे पाने टाकायची, हा निर्णय नशिबाच्या खात्यात टाकणे जरा कठोर वाटते. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. चिंचोक्यांना मात्र कोणाचीच आडकाठी नाही; तेव्हा यंदाच्या पाडव्याला चिंचोक्यांवर डाव मांडावा आणि शेजारच्याने किती वेळा शो मागितला, हे एका कागदावर टिपून ठेवावे.