खिशातली 18 मिनिटं: पहिल्या हाफ आयर्नमॅनचं गणित

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "लालबाग-परळमध्ये राहून, नोकरी सांभाळून हाफ आयर्नमॅन खरंच जमतो का?"

जमतो. मी गोव्यात केला, 8 तास 12 मिनिटांत. मर्यादा होती 8 तास 30 मिनिटं. म्हणजे 18 मिनिटं शिल्लक राहिली. ही 18 मिनिटं आली कुठून, ते आज सांगतो. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचून काढा, आकडे वाचताना जास्त नीट कळतात.

आधी थोडी ओळख

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागोमाग एक. घड्याळ मध्ये थांबत नाही. कपडे बदलायला लागणारा वेळही त्यातच धरतात.

पूर्ण आयर्नमॅन म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन. हाफ म्हणजे याच्या बरोबर निम्मं: 1.9, 90 आणि 21.1. याची सुरुवात 1978 साली हवाईच्या ओआहू बेटावर झाली. तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी जोडल्या. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. गोव्यात हाफ पहिल्यांदा झाली 2019 मध्ये, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. त्यामुळे आपल्यासारख्यांना विमान आणि व्हिसाचा खर्च न करता रात्रीच्या गाडीने जाऊन हे करता यायला लागलं.

आपल्या भागातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मिलिंद सोमण. दादरमध्ये वाढलेला माणूस. 2015 मध्ये, पन्नाशीला काही महिने बाकी असताना, त्याने झुरिकला पूर्ण आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत केला. लोक त्याचा फोटो बघतात आणि म्हणतात, "त्याचं काय, त्याची बॉडीच तशी आहे!" मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. तो तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता. म्हणजे बहुतेकांना ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, तो भाग त्याच्या अंगात आधीच मुरलेला होता. आपल्याला तो मुरवावा लागतो.

मी का उतरलो

हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं गणित त्यावरच उभं आहे. माझे वडील गिरणी कामगार. बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मी एकोणचाळीसचा झालो तेव्हा आईला सांगितलं की असं असं करायचंय. ती म्हणाली, "कर. पण छातीत जरा काही वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं. पैसे गेले तरी चालतील."

म्हणून नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट. तुम्ही पंचविशीत असाल तरी घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, किंवा धावताना कधी चक्कर आली असेल, तर हे करून घ्या. अमेरिकेत ट्रायथलॉनमधल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झाल्याचं दिसलं. म्हणजे दमून-भागून शेवटी नव्हे, अगदी सुरुवातीलाच.

आईची अट पाळायची तर शर्यतीत असा क्षण यायलाच नको, की "आता जीव काढून पळालो तरच वेळेत पोचेन". म्हणून मी वेगापेक्षा शिल्लक वाढवायच्या मागे लागलो.

उलटं गणित

मर्यादा तीन असतात. पोहणं 1 तास 10 मिनिटांत. सायकल संपेपर्यंत, सुरुवातीपासून मोजून, 5 तास 30 मिनिटं. आणि एकूण 8 तास 30 मिनिटं. एक जरी चुकली तरी दिवस संपला.

आता याचा वेग काढा. 1900 मीटर 70 मिनिटांत म्हणजे 100 मीटरला साधारण 3 मिनिटं 41 सेकंद. पोहण्यात आणि कपडे बदलण्यात मिळून सव्वा तास गेला, तर 90 किलोमीटरला सव्वाचार तास उरतात, म्हणजे ताशी 21 किलोमीटरच्या थोडं वर. धावायला 2 तास 50 मिनिटं धरली, तर किलोमीटरला 8 मिनिटं. हे आकडे बघून मला धीर आला. यातला एकही वेग भीतीदायक नाही. भीतीदायक आहे ते तिन्ही एकाच दिवशी, उन्हात करणं.

मी माझा प्लॅन 7 तास 52 मिनिटांचा आखला. म्हणजे 38 मिनिटं बाजूला ठेवलेली.

पोहणं: अंतर छोटं, धसका मोठा

एकूण 113 किलोमीटरमध्ये पोहणं दोन टक्केसुद्धा नाही. सायकल जवळजवळ ऐंशी टक्के. तरी लोक पाण्यामुळेच नाव नोंदवत नाहीत.

माझा सराव शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात झाला. तलाव 50 मीटरचा. 1900 मीटर म्हणजे 38 लांब्या. बॅचची वेळ ठरलेली, त्यामुळे गप्पा मारायला सवडच नाही. हे एका अर्थी बरंच झालं.

पण समुद्रात खाली काळी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर काढून समोरचा बोया बघावा लागतो, नाहीतर 1900 चे 2200 मीटर होतात. ही सवय तलावातच लावता येते. गिरगाव चौपाटीवर सरावाला उतरू नका, ते पाणी त्या लायकीचं नाही. आणि कुठल्याही समुद्रात एकट्याने उतरू नका. मुंबईतले जुने पोहणारे सनक्रॉक ते गेटवे पोहतात, पण ती स्पर्धा असते, सोबत होड्या असतात. मी गोव्यात दोन दिवस आधी पोचून इतर स्पर्धकांबरोबर पाण्यात उतरलो.

सायकल: मुंबईत रस्ता शोधणं हाच व्यायाम

सी लिंकवर सायकलला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. मग उरतो मरीन ड्राइव्ह. रविवारी पहाटे साडेचारला लालबागहून निघायचं. भायखळा, जे.जे. पुलाच्या खालून सीएसएमटी, आणि पुढे नरिमन पॉइंट. तिथून चौपाटी आणि परत, साधारण सात किलोमीटर. अशा तेरा फेऱ्या मारल्या की 90 होतात. चढाचा सराव हवा असेल तर केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोड आहेच. मुंबई मॅरेथॉन धावलेल्यांना तो चढ स्वप्नात दिसतो.

कंटाळा येतो का? येतो. पण शर्यतीतही त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या असतात, त्यामुळे कंटाळ्याचाही सराव होतो.

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची झाकणं साबणासारखी होतात. तेव्हा मी चाळीच्या गॅलरीत सायकलचं मागचं चाक ट्रेनरवर चढवून पेडल मारायचो. खाली जाड रबराची मॅट, नाहीतर शेजारचे काका झोपेतून उठून येतात. आणि गणपतीत तर प्रश्नच मिटला! लालबागमध्ये त्या दहा दिवसांत पहाटे चारलाही रांग असते. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे गणपती ऐन तयारीत. मी ते दिवस आधीच विश्रांतीचे म्हणून मांडले. नुसतं पोहणं, आणि आरतीला हजर. घरच्यांचा राग निम्मा तिथेच गेला.

पोट हा चौथा खेळ

शरीरात साठवलेली साखर साधारण 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. शर्यतीत खर्च होतात तीन-चार हजारांच्या घरात. काही वाटा चरबी उचलते, पण साखर संपली की पाय जड होतात आणि डोकं बंद पडतं. म्हणून सायकलवर बसल्यापासून तासाला साधारण 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवेत. एका मध्यम केळ्यात 25 च्या आसपास असतात. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी आणि साखर-मिठाचं पाणी यावर भागवलं. धावताना जेल. जे काही खाणार असाल ते रविवारच्या सरावात खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी नवं काही नको.

पाण्याचंही तसंच. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम गळतच राहतो. पण भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरलं तर ते जिवावर बेतू शकतं.

मग ती मिनिटं गेली कुठे?

पोहायला 58 मिनिटं, पहिला बदल 11. सायकलवर साठाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूब स्वतःच बदलावी लागते, बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद. घरी गॅलरीत ती वीस वेळा बदलली होती, तरी उन्हात, घामेजल्या हातांनी तेरा मिनिटं गेली. सायकल संपली तेव्हा 5 तास 15 मिनिटं झाली होती. त्या टप्प्याच्या मर्यादेला पंधरा मिनिटं बाकी.

बाजूला ठेवलेली मिनिटं नसती, तर ती तेरा मिनिटं भरून काढायला मी पुढचे तीस किलोमीटर छाती फुटेस्तोवर पेडल मारलं असतं. आईला दिलेला शब्द तिथेच मोडला असता. घड्याळात हृदयाचे ठोके दिसत होते, ठरवलेल्या आकड्याच्या वर एकदाही गेले नाहीत.

धावायला उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय लाकडाचे वाटतात. सायकलनंतर लगेच वीस मिनिटं धावायचा सराव आठवड्यातून एकदा केला असेल, तर हे लाकूड ओळखीचं असतं आणि माणूस घाबरत नाही. मी दर पाणवठ्यावर चाललो, बाकी हळू धावलो. 2 तास 49 मिनिटं.

तर मंडळी, ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर असं. महागडी सायकल नंतर बघा. आधी कागद घ्या, 8 तास 30 मिनिटं लिहा आणि तिथून मागे या. तुमचा आकडा आज 9 तास येत असेल तर पुढच्या वर्षीचं नाव नोंदवा. 8 तास 25 येत असेल तरीही थोडं थांबा, कारण एक पंक्चर कुठेतरी वाट बघत असतंच. अर्ध्या तासाची शिल्लक दिसली की मग घरच्यांशी बोला आणि फॉर्म भरा.

पुढच्या एपिसोडमध्ये फक्त पोहणं, ज्यांना अजिबात येत नाही त्यांच्यासाठी. तोवर काळजी घ्या, भेटूया.