वेग तोच, मग विलंब का?

गेल्या पावसाळ्यात एका विज्ञानशिक्षिकेची क्षमा मागण्याची वेळ आमच्यावर आली. नंदुरबार जिल्ह्यातील एका शाळेच्या नववीच्या वर्गाशी आम्ही दर शनिवारी सकाळी अकरा वाजता, पुण्याच्या घरून, संगणकाच्या पडद्यावर गप्पा मारतो. आम्ही प्रश्न विचारायचे आणि मुलांनी उत्तरे द्यायची, असा साधा क्रम. जूनमध्ये सारे सुरळीत होते. जुलैच्या एका शनिवारपासून मात्र मुले एकाएकी अडखळू लागली. प्रश्न विचारला की क्षणभर शांतता. आम्ही "बोला, बोला" म्हणावे आणि नेमके त्याच वेळी उत्तर यावे. असे तीन शनिवार झाल्यावर आम्ही बाईंना कळवले, की मुलांचा अभ्यास कमी पडतो आहे, उत्तरे देताना ती फार चाचरतात.

बाईंनी वाद घातला नाही. वर्गात मागे उभे राहून आपल्या फोनवर घेतलेले दहा मिनिटांचे चित्रीकरण त्यांनी पाठवून दिले. त्यात आमचा प्रश्न संपताक्षणी मुलगी उत्तर द्यायला लागलेली स्पष्ट दिसत होती. चाचरणे तिचे नव्हतेच. मग तो सेकंदभर गेला कुठे?

निरनिराळ्या भाषांमधील संभाषणे मोजून असे आढळले आहे, की एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, इतकेच अंतर असते. याहून बरीच मोठी फट पडली की ऐकणारा त्याचा अर्थ लावतो : याला येत नाही, हा कचरतो आहे. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला शक्यतो १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, तो याच कारणासाठी. म्हणजे आमच्या तक्रारीचे मूळ मुलांच्या अभ्यासात नसून तारेत असण्याची शक्यता होती.

आम्ही प्रथम केले ते सगळेच करतात. संगणकावर वेग तपासला. माहिती घरात येण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट, घरातून बाहेर जाण्याचा २ मेगाबिट. आमच्या जोडणीत पहिल्यापासून एवढाच आहे. आमची जोडणी केबल टीव्हीच्या तारेतून येते, आणि तिथे बाहेर जाणारी वाट अरुंदच असते. जोडणी देणाऱ्यांकडचा तंत्रज्ञ सोमवारी आला, त्यानेही हेच आकडे दाखवले आणि "पेटी बंद करून चालू करा" असे सांगून गेला. गंमत म्हणजे पेटी बंद-चालू केल्यावर पुढच्या शनिवारी दोनतीन मिनिटे खरोखरच बरे चालले! त्यामुळे पेटी तापते की काय, अशी एक चुकीची समजूत आम्ही आठवडाभर बाळगली.

इथे वेग आणि विलंब यांतील फरक स्पष्ट करायला हवा. धरणातून गावाला पाणी आणणारा नळ किती जाड आहे, यावरून दर सेकंदाला किती पाणी येईल ते ठरते. पण धरणाशी चावी उघडल्यानंतर पहिला थेंब गावात किती वेळाने पोचेल, हा वेगळाच प्रश्न आहे. जाहिरातीतला 'वेग' हा नळाच्या जाडीचा आकडा असतो. चित्रपट पाहताना तोच महत्त्वाचा. संभाषणात मात्र पहिल्या थेंबाची वाट पाहावी लागते.

हा विलंब मोजण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. त्याचे नाव 'पिंग'. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी हे नाव ठेवले. एक लहान पॅकेट पाठवायचे आणि ते पलीकडून परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते पाहायचे. दरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून अंतर काढतात, तसलाच प्रकार.

आकडा हाती आला तरी तो जास्त की कमी हे ठरवायला एक हिशेब लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर. जाऊन-येऊन धरले तर दर १०० किलोमीटर अंतराला १ मिलिसेकंद. पुणे ते नंदुरबार सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा निसर्गाने घातलेली किमान अट तीन-सव्वातीन मिलिसेकंदांची. तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत यंत्रे असतात, म्हणून प्रत्यक्षात पंचवीस-तीस मिलिसेकंद लागले तर नवल नाही. पण हजार? प्रकाश हजार मिलिसेकंदांत दोन लाख किलोमीटर जातो, पृथ्वीला पाच प्रदक्षिणा होतील! एवढ्या वेळात पॅकेट प्रवास करत नव्हते, हे उघड आहे. ते कुठेतरी उभे होते.

कुठे उभे होते, हे शोधायला विलंबाचे तुकडे पाडावे लागतात. पहिला तुकडा घरातलाच : संगणकापासून भिंतीवरच्या पेटीपर्यंत. या पेटीचा पत्ता पुष्कळ घरी १९२.१६८.१.१ असा असतो. त्यावर पिंग करावे. तारेने जोडलेल्या संगणकाला साधारण १ मिलिसेकंद लागतो, बिनतारी वायफायला दोन ते पाच. हाच आकडा पन्नास-शंभरावर उड्या मारू लागला तर दोष घरातच समजावा : भिंती आड येतात, शेजाऱ्यांची वायफाय त्याच वाहिनीवर असते, किंवा मायक्रोवेव्ह भट्टी चालू असते. ही भट्टी आणि जुन्या पद्धतीचे वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरी वापरतात. आमच्या घरी हा आकडा २ होता आणि शनिवारीही २च राहिला.

पुढच्या तुकड्यांसाठी 'ट्रेसरूट' हा दुसरा प्रोग्रॅम आहे. तो व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये लिहिला. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरच्या यंत्राला तो आळीपाळीने उत्तर द्यायला लावतो, त्यामुळे कोणत्या टप्प्यानंतर आकडा वाढला ते दिसते. येथे एक फसगत होते, तिच्यापासून सावध राहावे. मधल्याच एखाद्या टप्प्यापुढे २०० दिसावेत आणि त्यापुढच्या सर्व टप्प्यांना पुन्हा २५च, असे झाले तर तो टप्पा दोषी नाही. ही यंत्रे दुसऱ्यांची पॅकेटे पुढे ढकलण्याचे काम आधी करतात, आणि आपल्या चौकशीला उत्तर सवडीने देतात. वाढ एका टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली, तरच ती खरी. आमच्याकडे ती घरच्या पेटीनंतरच्या पहिल्याच टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली होती.

परंतु दोष शनिवारीच येतो, हे कोडे उरलेच. तेव्हा आम्ही एका शनिवारी सकाळी सहापासून दर मिनिटाला एक पिंग पाठवण्याची व्यवस्था केली आणि आकडे आलेखकागदावर मांडले. शिक्षकांना आमची आग्रहाची सूचना आहे, की असा आलेख विद्यार्थ्यांकडून एकदा तरी काढून घ्यावा. कारण दोषाची ओळख एका आकड्यावरून होत नाही, ती आलेखाच्या आकारावरून होते. रोज संध्याकाळी सातनंतर टेकाड उठून मध्यरात्री उतरत असेल, तर वस्तीतल्या सर्वांची मिळून गर्दी होते आहे. एका क्षणी पायरी चढून रेषा दिवसरात्र त्याच उंचीवर राहिली, तर वाटच बदललेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या, त्यांत मुंबईला येणाऱ्याही होत्या. तेव्हा पश्चिमेकडची पॅकेटे लांबच्या वाटांनी वळवावी लागली आणि विलंब वाढला. अशा वेळी घरातली पेटी कितीही वेळा बंद-चालू केली तरी काय उपयोग?

आमचा आलेख यांपैकी कुठल्याच प्रकारचा नव्हता. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत रेषा २४ मिलिसेकंदांवर शांत होती. मग ती एकदम १,०५०च्या वर गेली आणि दुपारी एक चाळीसपर्यंत तिथेच, जणू छताला टेकून राहिली. त्यानंतर पुन्हा २४. हे सपाट छत पाहून आम्हाला कोडे सुटल्यासारखे वाटले. कुठेतरी एक ठरावीक मापाचे भांडे काठोकाठ भरलेले होते.

ते भांडे म्हणजे पेटीतली साठवण, 'बफर'. पॅकेटे एकदम जास्त आली तर टाकून द्यावी लागू नयेत, म्हणून ती तात्पुरती तिथे रांगेत ठेवतात. बाहेरची वाट सेकंदाला २ मेगाबिटची. विलंब १,०५० मिलिसेकंदांचा. म्हणजे रांगेत सुमारे २१ लाख बिट उभे असले पाहिजेत. त्यांना ८ ने भागले की साधारण २५६ किलोबाईट येतात. संगणकाच्या दुनियेत २५६ हा इतका सरावाचा आकडा आहे, की तो दिसताच आमचा संशय जवळजवळ फिटला.

राहिला प्रश्न, भांडे भरत कोण होते? नऊ दहाला घरात काय घडते? आमची भाची वसतिगृहात राहते आणि शनिवारी सकाळी घरी येते. आल्याबरोबर ती फोन भिंतीला चार्जिंगला लावते. जुलैत तिने नवा फोन घेतला होता. त्याला वायफाय मिळाले की तो त्यातली चित्रीकरणे आपोआप दूरच्या साठवणीत पाठवू लागे. एका लग्नाची पुष्कळ चित्रीकरणे त्यात होती. साडेचार तास सेकंदाला २ मेगाबिट म्हणजे जवळपास ४ गिगाबाईट. तेवढी ती होतीच. पेटी बंद-चालू केली की फोनला पुन्हा जोडले जाऊन काम सुरू करायला दोनतीन मिनिटे लागत, आणि तेवढाच वेळ आम्हाला आराम पडे!

आता बाईंचे चित्रीकरण नीट उलगडते. आमचा प्रश्न लग्नाच्या चित्रांमागे रांगेत एक सेकंद उभा राहून मग पुण्याबाहेर पडे. मुलगी तो ऐकताच उत्तर देई, आणि येणारी वाट मोकळी असल्याने ते लगेच पोचे. तिकडे कोणाला काही खटकण्याचे कारण नव्हते. इकडे आम्हाला ती चाचरताना दिसे.

एक शंका चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारतील. साठवण मोठी असणे चांगलेच ना? अनेक वर्षे निर्मात्यांनाही तसेच वाटे. स्मृती स्वस्त झाली तशी त्यांनी रांगेची जागा वाढवत नेली. २०१० मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना स्वतःच्या घरी मोठा मजकूर पाठवताना सेकंदाहून अधिक विलंब आढळला. त्यांनी पाठपुरावा केला आणि या दोषाला 'बफरब्लोट', म्हणजे साठवणीची सूज, असे नाव दिले. पाठवणारा संगणक आपला वेग कमी करतो तो प्रामुख्याने पॅकेट हरवल्याचे कळल्यावर. जागा अफाट असली तर काहीच हरवत नाही, म्हणून कोणी हात आखडता घेत नाही. हरवणे हा निरोप असतो, आणि मोठे भांडे तो निरोपच अडवून ठेवते.

तोडगा म्हटला तर सोपा निघाला. भाचीने फोनचे काम रात्रीवर टाकले, त्याच शनिवारी रेषा २४वर आली. पेटी बदलणे शक्य असेल त्यांनी 'एफक्यू-कोडेल' ही रांग सांभाळण्याची रीत असलेली घ्यावी आणि बाहेर जाणारा वेग प्रत्यक्षाच्या नव्वद टक्क्यांवर बांधावा, म्हणजे रांग लागली तरी ती आपल्या ताब्यातल्या जागी लागते. ही रीत रांग किती लांब आहे ते पाहत नाही. एकेक पॅकेट किती वेळ उभे राहिले ते पाहते. हा वेळ सतत १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर ती पॅकेटे टाकू लागते. शिवाय प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देते, त्यामुळे लग्नामागे प्रश्नाला ताटकळावे लागत नाही.

क्षमेच्या पत्रासोबत आम्ही बाईंना वर्गात करायचा एक प्रयोग लिहून पाठवला. एका मुलाला खिडकीवरचा कारकून करावे. तो दर दोन सेकंदांनी एकच चिठ्ठी पुढे देईल. त्याच्यासमोर एक ताट ठेवावे. एकाने ताटात एकदम तीस चिठ्ठ्या टाकाव्यात आणि लगेच दुसऱ्याने आपली एक लाल चिठ्ठी सर्वांच्या खाली सरकवावी. लाल चिठ्ठी बाहेर पडायला मिनिटभर लागतो. मग ताटात फक्त पाच चिठ्ठ्या मावतील असा नियम करावा, बाकीच्या परत द्याव्यात, आणि जागा होताच लाल चिठ्ठी आत घ्यावी. आता दहा सेकंदांत काम होते.

मुलांनी प्रयोग केला आणि पुढच्या शनिवारी एका मुलीने, चित्रीकरणातल्याच, विचारले : "सर, परत मिळालेल्या चिठ्ठ्या सगळ्यांनी लगेच पुन्हा टाकल्या तर?" हे खरोखरच घडून गेले आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यामधली, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावरची जोडणी सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आली. संगणक हरवलेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत होते, आणि त्याच गर्दीने आणखी पॅकेटे हरवत होती. त्यावरचा उपाय मायकेल कॅरेल्स यांच्यासोबत ट्रेसरूटच्याच जेकबसन यांनी शोधला व १९८८ मध्ये प्रसिद्ध केला : हरवले की वेग एकदम खाली आणायचा, आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह 'कोडेल' मांडणारेही तेच.