काष्टीचा शनिवार बाजार आणि हलाल थाळी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव दौंडहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेले आहे. गावाची खरी ओळख मात्र शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराने झाली. बैलजोड्या, दुभत्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांची खरेदी-विक्री करण्यासाठी आसपासच्या तालुक्यांतून व परजिल्ह्यांतून माणसे येतात. बाजारात जनावर आणणारा शेतकरी पहाटे निघालेला असतो. दुरून आलेल्या व्यापाऱ्याने तर रात्र वाहनातच काढलेली असते. सौदा जमेपर्यंत दुपार उलटते, आणि मग प्रश्न उरतो तो जेवणाचा.

या बाजारकरूंमध्ये मुसलमानांची संख्या लक्षणीय असते. शेळ्या-मेंढ्यांच्या व्यापारात कुरेशी व खाटीक, फळांच्या व्यापारात बागवान, बांगड्यांच्या दुकानावर मणियार, सुगंधी द्रव्ये व किरकोळ वस्तूंच्या पालावर अत्तार हे आठवडे बाजारातील परिचित चेहरे होत. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यांत बकऱ्यांच्या बाजाराला विशेष तेजी येते व ही गर्दी आणखी वाढते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के होती. एवढा मोठा ग्राहकवर्ग हॉटेलच्या दारावरून पुढे जात असेल, तर त्याचे कारण शोधणे हॉटेलचालकाच्या हिताचे आहे.

कारण बहुधा चवीचे नसते. समोरच्या पातेल्यातील मटण कोठून आले, हे त्या ग्राहकास ठाऊक नसते, आणि परक्या गावी विचारण्याचा संकोच वाटतो. मग तो दोन केळी किंवा वडापाव खाऊन वेळ निभावतो. भुकेलेला, हाती पैसा असलेला ग्राहक असा अर्धपोटी परत जातो, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

हलाल म्हणजे काय?

‘हलाल’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘विहित’ किंवा ‘धर्माने अनुज्ञेय’ असा आहे. मराठीला हा शब्द नवा नाही; नमकहलाल आणि नमकहराम ही विशेषणे आपण सहज वापरतो. आहाराच्या बाबतीत त्याचा आशय थोडक्यात असा : डुकराचे मांस, रक्त, आपोआप मेलेल्या प्राण्याचे मांस आणि मद्य वर्ज्य. अनुज्ञेय प्राणी जिवंत व निरोगी असताना ईश्वराचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळ्याकडून श्वासनलिका, अन्ननलिका व रक्तवाहिन्या छेदून कापावयाचा आणि त्याचे रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यावयाचे. कोंबडीलाही हाच नियम लागू आहे. मासळीला मात्र अशा विधीची आवश्यकता नसते. उजनी जलाशयाच्या काठावरील भिगवणची मासळी या परिसरात लोकप्रिय आहेच. ज्या हॉटेलात मटणाची खात्री देणे कठीण, तेथे माशाची थाळी हा सर्वांत सोपा मार्ग ठरेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हलाल म्हणजे गोमांस, असे काही जण समजतात. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने पूर्वीपासूनच प्रतिबंधित होती. मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेने बैल व वळू यांनाही ते संरक्षण मिळाले. काष्टीच्या हॉटेलात येणाऱ्या मुसलमान ग्राहकाची अपेक्षा बकऱ्याच्या मटणाची किंवा कोंबडीच्या रश्श्याची असते. तो रस्सा इतरांसारखाच झणझणीत आणि सोबत बाजरीची गरम भाकरी असली, की त्याची तक्रार नसते.

खरे तर ग्रामीण महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाहीच. गावगाड्यात मुलाण्याचे एक ठरलेले काम होते. जत्रेत किंवा नवसाला बकरे द्यावयाचे तर ते मुलाण्याने हलाल करावयाचे आणि त्याबद्दल त्याला त्याचा हक्काचा वाटा मिळावयाचा, अशी रीत अनेक गावांत चालत आली. यजमान हिंदू, देव गावचा, सुरी मुलाण्याची आणि पंगतीला सारा गाव! ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदांची समाधी ज्या श्रीगोंद्यात आहे, त्या तालुक्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

शनिवारचे गणित

हॉटेल व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब आता पाहू. काष्टीचा बाजार शनिवारी भरतो आणि शनिवार हा मारुतीचा वार. त्या दिवशी अनेक हिंदू कुटुंबांत मांसाहार वर्ज्य असतो; माळकऱ्यांना तर तो कायमचाच वर्ज्य. म्हणजे गावात सर्वाधिक गर्दी असते त्याच दिवशी सामिष थाळीचा नेहमीचा गिऱ्हाईक हात आखडता घेतो. श्रावणात तर महिनाभर हीच स्थिती असते आणि नवरात्रात तिची पुनरावृत्ती होते. मुसलमान ग्राहकाला हे वार आणि हे महिने लागू नाहीत. त्याची खात्री पटली, तर हॉटेलचालकाच्या मंदीच्या दिवसांत चूल पेटती ठेवणारा तोच ग्राहक ठरू शकतो. वर्षभरातील शनिवार मोजले तरी ते बावन्न होतात.

यासाठी करावयाचा खर्च अल्प आहे. मटण व कोंबडी हलाल पद्धतीने कापणाऱ्या दुकानातूनच नियमाने घ्यावी आणि त्याची पावती जपून ठेवावी. ग्राहकाने विचारल्यास दुकानाचे नाव मोकळेपणाने सांगावे. उपाहारगृहाने हलाल प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. निर्यातदारांना आणि मोठ्या कारखान्यांना अशा प्रमाणपत्रांचा उपयोग होतो; जागतिक व्यापारात ‘हलाल’ हा शब्द कसा वापरावा याची मार्गदर्शक तत्त्वे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने १९९७ मध्येच स्वीकारली आहेत. रस्त्याकडेच्या हॉटेलला मात्र विश्वासाचा खाटीक पुरेसा आहे.

भटारखान्यात थोडे लक्ष द्यावे लागेल. एका पातेल्यात हलाल आणि दुसऱ्यात अन्य मटण ठेवून दोन्हींत एकच पळी फिरवणे उपयोगाचे नाही. त्यापेक्षा सर्वच मटण हलाल घेणे सोयीचे. शाकाहारी पदार्थांचे तेल, कढई आणि झारा वेगळा ठेवला, तर माळकरी, जैन आणि मुसलमान हे तिन्ही ग्राहक निर्धास्त होतात. पिठले, वांग्याची भाजी, आमटी, भात हे पदार्थ मुळातच हलाल आहेत. म्हणून शुद्ध शाकाहारी खानावळीला यातले काहीच बदलावे लागत नाही. जेलीत वापरले जाणारे जिलेटीन प्राणिजन्य असते, तेव्हा गोड पदार्थांत त्याऐवजी चायनाग्रास वापरावे.

मद्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जेथे जेवणाच्या टेबलावरच मद्य दिले जाते, तेथे पुष्कळ मुसलमान ग्राहक, विशेषतः कुटुंबासह आलेले, पाऊल ठेवीत नाहीत. अशा हॉटेलांनी कुटुंबांसाठी स्वतंत्र दालन व स्वतंत्र पेले ठेवावेत. बायका-मुलांसह येणारी हिंदू कुटुंबेही यामुळे सुखावतील.

दर्शनी भागी ‘येथे हलाल मटण मिळते’ असा स्वच्छ मराठी फलक लावावा. ज्यांना हलाल मांस चालत नाही, उदाहरणार्थ अनेक शीख, त्यांनाही फलक वाचून आपला निर्णय घेता येतो. कोणाचीच फसवणूक होत नाही. मात्र फलक लावला की तो पाळला पाहिजे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि दंडाची पाळी न येताही, एका व्यापाऱ्याची फसवणूक झाल्याची वार्ता पुढच्या शनिवारपर्यंत साऱ्या बाजारात पोचलेली असते.

रमजानचा महिना

रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उपवास असल्याने दिवसा हा ग्राहक मिळणार नाही, हे गृहीत धरावे. सूर्यास्ताला मात्र चित्र पालटते. उपवास सोडण्याची वेळ मिनिटांनी ठरलेली असते आणि बाजार आवरून निघालेला व्यापारी त्या वेळी बहुधा रस्त्यातच असतो. चार खजूर, कापलेले कलिंगड, थंड पाणी आणि गरम भजी एवढी तयारी ठेवणारे हॉटेल त्याला देवाघरचे वाटेल. वुजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी, एक नळ आणि कोपऱ्यात चटईपुरती स्वच्छ जागा दिली तर तो जेवायलाही तेथेच थांबेल. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. तेव्हा गतवर्षीच्या तारखांवर विसंबू नये. सूर्यास्ताच्या वेळा दाखविणारा तक्ता जवळच्या मशिदीत मिळतो. तो गल्ल्यामागच्या भिंतीवर लावून ठेवावा.