मोत्याचा शेजार

नथ हातात घेतली की आधी ती उलटी करून बघावी. पुढून दिसतात ते टपोरे मोती, त्यांच्यामध्ये बसलेलं लाल माणिक आणि कडेला एखादा हिरवा खडा. मागून दिसते ती सोन्याची तार. एकेका मोत्यातून ती ओवून आणलेली असते, मोत्यामागे पीळ देऊन मुख्य तारेला गुंडाळलेली असते. माणिक मात्र तारेत ओवलेलं नसतं. ते स्वतःच्या कोंदणात, चारी बाजूंनी सोन्याची कड घेऊन बसलेलं असतं. नीट बनवलेल्या नथीत माणकाची धार कुठल्याच मोत्याला टेकत नाही. मोत्याजवळ काय बसवावं आणि कसं बसवावं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या मागच्या बाजूला आहे.

उरलेलं उत्तर शोधायला धारवाडकडच्या जुन्या दागिन्यांकडे वळू. धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की केलगेरी येतं. तळ्याकाठचं हे गाव आता धारवाड शहराचाच भाग आहे. इथे घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि लग्नघरात तिसरी, हे नेहमीचंच. 1956 सालापर्यंत हा सगळा मुलूख मुंबईच्या कारभारात होता, त्यामुळे सराफीचे धागेही तिकडे जुळलेले. सोनारकाम करणारे पत्तार इथले, आणि दैवज्ञ सोनारांची घराणी गोवा-कारवारकडून घाट चढून आलेली. त्यांच्याबरोबर कारवारी नथ आली. देशावरची पेशवाई थाटाची नथ आधीपासून होतीच. त्यामुळे या भागातल्या जुन्या डब्यांत दोन्ही वळणांच्या नथी सापडतात, आणि त्यांच्या शेजारी चिंचपेटी, कुड्या, बुगड्या, तन्मणी. घडण वेगवेगळी, पण मोत्याला सोबत कुणाची द्यायची याबद्दल या सगळ्या दागिन्यांचं आश्चर्यकारक एकमत आहे.

ते एकमत समजून घ्यायचं तर मोती म्हणजे काय ते आधी पाहायला हवं. मोती दगड नाही. शिंपल्यातल्या जिवानं थरावर थर चढवत केलेला तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा गोळा आहे. थरांना धरून ठेवतं ते एक सेंद्रिय द्रव्य. कठीणपणा मोजायच्या मोहस् मापावर हिरा 10, माणिक 9, पाचू साडेसात ते आठ, आणि मोती जेमतेम अडीच ते साडेचार. घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यांचा कठीणपणा सातच्या आसपास. म्हणजे कोरड्या फडक्यानं धूळ पुसली तरी मोत्यावर चरे उठू शकतात, मग हिऱ्याच्या धारेची गोष्टच सोडा. 22 कॅरटचं सोनं मात्र मोत्याइतकंच मऊ. म्हणून जुन्या सरांत मोती आणि खडा यांच्यामध्ये सोन्याचा मणी ओवलेला असतो. तो शोभा देतोच, पण त्याचं खरं काम मध्ये उभं राहून घर्षण अंगावर घेण्याचं आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. हिरा पैलूंवरून उजेड परत फेकतो. मोत्यात उजेड वरच्या पातळ थरांत शिरतो, थराथरांतून परततो आणि एकमेकांत मिसळून बाहेर येतो. आपण त्याला मोत्याचं पाणी म्हणतो. हे पाणी मंद असतं, आणि त्याला मंदच सोबत मानवते. तन्मण्याचं खोड, म्हणजे मधलं पदक बघा. त्यात बसवलेले हिरे कच्चे, म्हणजे सपाट, फारसे पैलू न पाडलेले असतात. त्यांच्याखाली डाक, म्हणजे चमकता पत्रा घातलेला असतो, त्यामुळे खड्यातून येणारा उजेड खोल आणि शांत दिसतो. माणिकही पैलूदार नसायचं, घोटून गोलसर केलेलं असायचं. त्या काळी पैलू पाडायची कला आजच्याइतकी पुढे गेलेली नव्हती, हे खरं. पण त्यातून जो मेळ जमला तो आज सगळी यंत्रं हाताशी असूनही सहसा जमत नाही. अमेरिकन डायमंडचे लखलखते खडे ठासून भरलेली नथ घ्या आणि तिच्यातले मोती बघा. त्यांचं पाणी मेल्यासारखं वाटतं. दोष मोत्याचा नाही. शेजाऱ्यांचा आवाज इतका मोठा आहे की त्याचं बोलणं ऐकूच येत नाही.

माणिक आणि मोती ही जोडी आपल्याकडे इतकी पक्की का, याचं कारण मोत्याच्या रंगात आहे. जुना मोती म्हणजे बहुतेक वेळा बसऱ्याचा मोती. इराणच्या आखातात निघणारा हा मोती पांढराशुभ्र नसतो. त्याला सायीसारखी पिवळसर झाक असते, वर गुलाबी छटा. या उबदार पांढऱ्यावर लाल रंग खुलतो, आणि लालाच्या शेजारी ती गुलाबी छटाही उठून दिसते. माणकाच्या ऐवजी तामडा वापरला तरी मेळ टिकतो. तामड्याचा लाल थोडा काळपट, पण मोत्याला तोही सोसतो. पाचूचं काम वेगळं. तो मोत्यात मिसळत नाही, मोत्याच्या रांगेला शेवट देतो. म्हणून नथीत हिरवा खडा कडेला असतो आणि लोलक म्हणून पाचू खाली लोंबतो. पाचूत मुळातच बारीक भेगा असतात, त्यांत तेल मुरवायची रीत जुनी आहे. गरम पाणी, साबण, सराफाकडचं धुण्याचं कंपनयंत्र यांतलं काहीही त्याला चालत नाही, आणि मोत्यालाही चालत नाही. एकाच दागिन्यातल्या दोन वस्तूंना निगा एकसारखी लागत असेल तर तो दागिना जास्त टिकतो. जोडी ठरवताना हा विचार फारच थोडे लोक करतात.

हा बसरा मोती आपल्यापर्यंत यायचा तो मुंबईमार्गे. आखातात काढलेला माल मुंबईत उतरायचा. तिथे तो चाळण्यांतून आकाराप्रमाणे निवडला जायचा, भोकं पाडली जायची, रेशमात ओवून जुड्या बांधल्या जायच्या आणि मग माल हिंदुस्थानात आणि युरोपात जायचा. किंमत ठरवायला ‘चव’ नावाचं माप होतं, आणि त्यात किंमत वजनाच्या वर्गानं वाढायची. दुप्पट वजनाचा मोती म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट मोल. त्यामुळे मोठा मोती खोडात किंवा नथीच्या मध्यभागी आणि बारीक मोती गुंफणीत, ही रचना पैशाच्या हिशेबानंही सोयीची होती. 1920 च्या दशकात जपानचे मिकिमोतो यांचे कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले मोती जगाच्या बाजारात आले, पाठोपाठ मंदी आली आणि आखातातला धंदा बसला. आपल्या तुतिकोरिनकडची मोठी शिंपलेमारीही 1961 नंतर थांबली. 1973 साली तिथेच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कल्चर मोती तयार करून दाखवला. पण आज आपल्या बाजारात जो मोती सर्रास मिळतो तो चीनच्या गोड्या पाण्यातला असतो.

आणि इथे जुना नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. गोड्या पाण्यातला मोती बहुतेक वेळा रसायनानं पांढरा केलेला असतो. त्याचा पांढरा थंड असतो. त्याच्या शेजारी गडद माणिक ठेवलं की ते मोत्यापासून तुटून वेगळं दिसतं. या मोत्याला फिका गुलाबी खडा, फिका पुष्कराज किंवा चंद्रकांत मणी (मूनस्टोन) जास्त शोभतो. चंद्रकांताच्या पोटातून तरंगत येणारा निळसर उजेड मोत्याच्या पाण्याशी जवळचं नातं सांगतो, आणि कठीणपणा सहाच्या आसपास असल्यानं तो माणकाइतका जाचकही नाही. आजीची नथ मोडून त्यातलंच माणिक नव्या पांढऱ्या मोत्यांत बसवायचा हट्ट अनेक घरांत असतो. भावना समजते. तरी मला वाटतं, त्या माणकाला पिवळसर झाकेचे मोती शोधून द्यावेत. मिळायला वेळ लागतो, पण मिळतात.

मोत्याला कुणाची सोबत द्यावी याचा सगळ्यात भव्य नमुना बडोद्याच्या मराठी दरबारानं घडवला. खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या पातळ कातड्याच्या पायावर पंधरा ते वीस लाख बारीक बसरा मोती टाचलेले आहेत, नक्षी रंगीत काचमण्यांनी काढलेली आहे आणि त्यात हिरे, माणकं, पाचू, नीलम जडवले आहेत. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायला तो बनवला, असं सांगतात. 2009 साली दोह्यात झालेल्या लिलावात तो जवळजवळ 55 लाख डॉलरांना गेला. या गालिच्यातली माणकं घोटीव आहेत आणि हिरे सपाट पैलूंचे. खजिना गायकवाडांचा, हवा तो खडा मिळत होता, आणि तरीही निवड तीच, जी नथ घडवणाऱ्या सोनाराची असते. काचमण्यांचा वापर तर मला फार मोलाचा वाटतो. मोत्यांच्या पांढऱ्या पृष्ठभागावर रंगाची रेघ ओढायला तिथे रत्नच हवं असं त्या कारागिरांनी मानलं नाही.

खड्यांखेरीज इतर वस्तूंत पोवळं मोत्याच्या सर्वांत जवळचं. तेही समुद्रातल्या जिवानं केलेलं, तेही चुन्याचं, कठीणपणाही तीन ते चार. दोघं एकमेकांना ओरखडत नाहीत, आणि घाम, लिंबू, अत्तर यांनी दोघंही सारखीच खराब होतात. लाल पोवळ्याच्या आणि मोत्याच्या मिसळीच्या सरासारखा निर्धास्त दागिना दुसरा नाही. फक्त पोवळं रंगवलेलं नाही ना, हे पाहावं, कारण घामानं रंग सुटला तर तो शेजारच्या मोत्यात मुरतो आणि निघत नाही. आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दागिन्यातलं चांगलं लाल पोवळं परंपरेनं भूमध्य समुद्रातून येतं. रुद्राक्ष आणि मोती एकत्र ओवायची नवी हौस दिसते. रुद्राक्षाचं अंग खरखरीत, त्यात त्याला तेल लावलेलं. त्याच्या शेजारी मोती काही वर्षांत निस्तेज होतो. चंदनाच्या मण्यांतलं तेलही मोत्याच्या भोकातून आत जातं. या दोन्हींची माळ वेगळी असावी, मोत्यांची वेगळी.

ज्योतिष मानणाऱ्या घरांत मोत्याजवळ नीलम आणि गोमेद चालत नाहीत, कारण मोती चंद्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा. नवरत्नाच्या अंगठीत मात्र हेच सगळे एकत्र नांदतात. ज्याची श्रद्धा असेल त्यानं ती पाळावी. दागिना घालणाऱ्याचं मन शांत असणं हेही महत्त्वाचं आहे.

राहिला दोरा. पटवेकऱ्याला, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिराला, सर गाठवताना मी बघितलं आहे. रेशमाचा धागा तो दोन बोटांत धरून पीळ देतो, टोकाला डिंक लावून ताठ करतो आणि मोती एकामागोमाग एक सरकवतो. मोत्याच्या भोकाजवळ तो क्षणभर थांबतो, भोक उजेडाकडे धरतो. कड खरबरीत असली तर मोती बाजूला. खडे ओवायची वेळ आली की तो जास्त थांबतो, कारण दगडाच्या भोकाची कड सुरीइतकी धारदार असू शकते आणि रेशीम तिथेच तुटतं. दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारून घेतली तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मोती पडतो. आपल्याकडच्या जुन्या गुंफणीत ही गाठ सहसा नसते. नव्यानं गाठवून घेताना मागून घ्यावी. नायलॉन टिकाऊ म्हणून सुचवला जातो, पण त्याला रेशमाचा लोच नाही. सर गळ्यावर पडत नाही, ताठ उभा राहतो.

केलगेरी-धारवाडकडे लग्नात इरकल आणि खण अजून टिकून आहेत. इरकलीच्या लाल टोपपदरावर माणिक-मोती हरवून जातात, तिथे पाचूचा लोलक किंवा नुसते मोती चांगले. काळ्या चंद्रकळेवर मात्र सगळं चालतं.

सोनाराकडे जाताना खड्यांची यादी घेऊन जाऊ नये. आधी मोती निवडावेत, तेही दुकानाच्या दिव्याखाली नाही, दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर. त्यांची झाक पिवळसर आहे की निळसर, हे ठरलं की खडा आपोआप ठरतो. मग खडा घोटीव मागावा, कोंदण बंद मागावं, खडा आणि मोती यांच्यात सोन्याचा मणी किंवा तारेचा एक वेढा मागावा. आणि तयार दागिना घ्यायच्या आधी तो उलटा करून बोट फिरवावं. बोटाला टोचलं तर ते मोत्यालाही टोचणार आहे. सोनाराला तिथल्या तिथे घासून द्यायला सांगावं.