यदृच्छा आणि मनाचा कौल

दुसरे महायुद्ध चालू असताना, १३ जून १९४४ पासून लंडनवर जर्मनीचे 'व्ही-१' नावाचे उडते बॉम्ब पडू लागले. त्यांत वैमानिक नसे. ठरावीक अंतर कापले की बॉम्ब आपोआप खाली कोसळे. बॉम्ब पडलेल्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा कोठे खुणांची दाटी दिसे, तर कोठे शेजारचाच भाग मोकळा. शत्रू वस्त्या निवडून मारा करीत आहे, असा अनेकांचा समज झाला. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. समज खरा असता, तर मोकळ्या दिसणाऱ्या वस्तीत मुलाबाळांसह राहायला जाणे शहाणपणाचे ठरले असते.

आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ साली एका छोट्या टिपणात या समजाची परीक्षा केली. दक्षिण लंडनमधील १४४ चौरस किलोमीटर भागाचे त्याने ५७६ समान चौकोन पाडले. तेथे एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. म्हणजे दर चौकोनामागे सरासरी एकाहून किंचित कमी. प्रत्यक्षात २२९ चौकोनांत एकही बॉम्ब पडला नव्हता. २११ चौकोनांत एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार आणि एका चौकोनात त्याहूनही अधिक बॉम्ब पडले होते. आता, नेम न धरता केवळ यदृच्छेने बॉम्ब पडले असते तर काय झाले असते? फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या सूत्रानुसार सुमारे २२७ चौकोन रिकामे राहिले असते, २११ मध्ये एक, ९९ मध्ये दोन आणि ३१ मध्ये तीन बॉम्ब पडले असते. दोन्ही हिशेब जवळजवळ जुळले. वस्त्या निवडल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग मन का फसले? 'कसेही पडणे' म्हणजे 'सगळीकडे सारखे पडणे' असे आपण नकळत धरून चालतो. वास्तविक सारखेपणा आणायला कोणाचा तरी हात लागतो. भाताची रोपे ओळीत दिसतात, कारण ती कोणी तरी ओळीत लावलेली असतात. आधीचा बॉम्ब कोठे पडला, हे नंतरच्या बॉम्बला ठाऊक नसते. म्हणून तो मोकळी जागा शोधून पडत नाही. याचा पडताळा घरीही घेता येतो. बुद्धिबळाच्या पटावरील ६४ घरांना क्रमांक द्यावेत. ६४ चिठ्ठ्यांतून एक उचलून त्या क्रमांकाच्या घरात एक दाणा ठेवावा आणि चिठ्ठी परत टाकावी. असे ६४ वेळा केल्यावर सरासरीने २३ घरे रिकामीच राहतात! नाण्याचेही तसेच. शंभर वेळा नाणे उडवले, तर सलग पाच वेळा एकच बाजू कोठे तरी येणे जवळजवळ निश्चित असते. पण कागदावर मनाने 'छापा-काटा' लिहिणारा माणूस तीन-चार छाप्यांनंतर घाईने काटा लिहितो.

तरीही दाटी दिसताच कारण शोधण्याची ही खोड निव्वळ वेडगळ म्हणता येणार नाही. त्याच लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलराचे बळी दाटीने पडले. डॉ. जॉन स्नो याने ही दाटी नुसती पाहिली नाही. मृतांच्या घरी पाणी कोठून येत होते, याची त्याने चौकशी केली. बहुतेकांचे पाणी तेथील एकाच सार्वजनिक पंपाचे निघाले. जवळच्या अनाथगृहवजा आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती. त्यांतील अवघी पाच दगावली, कारण तेथे स्वतःची विहीर होती. या दाटीला मात्र खरेच कारण होते. नकाशावर दोन्ही दाट्या सारख्याच दिसतात; त्यांतला भेद नजरेला कळत नाही, तो मोजणीने आणि विचारपुशीने कळतो. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.